अक्कांचे नव्वद किलो

हे लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं की पहिल्याच ओळीत स्वतःचं वजन लिहून टाकायचं. म्हणजे लाजेचा विषय एकदाचा संपेल आणि पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल. आकडा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला, मग कागदच फाडला आणि उठून चहा केला. त्यामुळे आकडा अजून आलेला नाही. तो येईल तेव्हा येईल.

मी भुसावळला बायकांचे कपडे शिवते. खाली दुकान, वर घर आणि मधे एक अरुंद, वळणाचा जिना. आमच्या भागातल्या कित्येक बायकांची मापं मला पाठ आहेत. टेप फिरवताना गिऱ्हाईक पोट आत ओढून घेतं, तेव्हा मी म्हणते, "सोडा श्वास, मी कुणाला सांगत नाही." आणि खरंच सांगत नाही. स्वतःच्या अंगाला मात्र मी वर्षानुवर्षं टेप लावली नव्हती. माझे गाऊन मी अंदाजाने बेतायचे. जुना गाऊन कापडावर पसरायचा आणि चारी बाजूंनी चार बोटं जास्त धरून कापायचं. दर वेळी चार बोटं जास्त.

माझ्यासारखं शरीर घेऊन जी माणसं घरात बसली आहेत आणि दुखणं अंगावर काढत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. दुखण्यापेक्षा "आपल्याला उचलणार कोण" ही भीती मोठी असते, हे मला माहीत आहे. आणि जी माणसं अशांना उचलायला येतात, त्यांनीही वाचावं.

जिन्याकडे पाहणारी माणसं

मार्चमध्ये माझी डावी पोटरी लाल झाली आणि तापली. मशीन चालवून पाय सुजतात, त्यातलंच असेल म्हणून मी हळदीचा लेप लावून कामाला बसले. लग्नसराईचे ब्लाउज पडून होते. मग ताप चढला, आणि एका सकाळी न्हाणीच्या दारात माझे पाय गेले. विलासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, काखेत हात घालून उठवायचा प्रयत्न केला. तो वीजकेंद्रात नोकरीला आहे, अंगाने काटक आहे, पण मी हलले नाही. शेवटी त्याने तिथेच गादी टाकली आणि मला कसंबसं तिच्यावर लोटलं.

आमचे नेहमीचे डॉक्टर वर आले. पाय पाहिला, बोट दाबून पाहिलं, आणि म्हणाले की पायातला संसर्ग रक्तात पसरतो आहे, आजच्या आज जळगावला हलवा. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, पण ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला "हलवा" एवढंच ऐकू आलं. डॉक्टरांनी, विलासने आणि सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग तिघांनी जिन्याकडे पाहिलं. आपल्याला काय झालंय हे कळण्याचा दिवस म्हणून मला अजून तो जिनाच आठवतो.

विलास खाली दुकानातलं सामान बाजूला सारायला गेला. तेवढ्यात रुग्णवाहिकेवाल्यांचा फोन आला आणि तो अक्कांनी घेतला. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर शिंदखेड्याकडचं, सासरे रेल्वेत होते म्हणून भुसावळला आल्या, पण बोलणं अजून तिकडचंच आहे. पलीकडून पेशंटचं वजन विचारलं असावं. अक्का जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "व्हई नव्वद." म्हणजे, असेल नव्वद.

अक्का खोटारड्या नाहीत. त्यांची पहिली मुलगी गुटगुटीत होती. गावात लहान मुलांना तपासायला लोक आले, तिला काट्याच्या झोळीत टांगलं, आकडा मोठ्याने वाचला आणि जमलेल्या बायकांनी कौतुक केलं. त्याच आठवड्यात ती तापाने गेली. तेव्हापासून आमच्या घरात कुणाचं वजन उच्चारायचं नाही. माझा मुलगा आता बाहेरगावी असतो, पण तो लहान होता तेव्हा दवाखान्यात काट्यावर ठेवला, की आकडा ऐकायच्या आधी अक्का बाहेर जायच्या. मी लग्न होऊन आले तीच अंगाने भरलेली. कुणी मला जाड म्हणालं तर त्या तिथल्या तिथे म्हणायच्या, "जाड नही, आंग भरेल शे." आणि घरी आलो की मीठ-मिरच्या ओवाळून माझी दृष्ट काढायच्या. मला वाटतं, इतकी माया मला माझ्या आईनेही केली नसेल.

ते "नव्वद" मला ऐकू आलं. ताप होता, पण ऐकू आलं. आणि मला बरं वाटलं, हे लिहिताना आत्ताही मान खाली जाते आहे.

खुर्ची

रुग्णवाहिकेतून दोघे आले. एक ड्रायव्हर आणि एक मदतनीस. मदतनिसाचं नाव शकील, राहणारा नशिराबादचा. दारात येऊन त्याने मला पाहिलं आणि तो क्षणभर थांबला. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, किळस नव्हती. तो नुसता हिशेब करत होता. मग त्याने अक्कांना विचारलं, "अक्का, फोनवर तुम्हीच बोललात ना?" अक्कांनी पदर सारखा केला. त्याने पुढे विचारलं नाही.

त्याने फोन लावून आणखी माणसं मागितली. ती लवकर येण्यासारखी नव्हती. त्यांची स्वतःची जिन्याची खुर्ची मला पुरत नव्हती. माझे दात वाजत होते, डॉक्टर घाई करायला सांगून गेले होते. मग विलासने दुकानातली लोखंडी घडीची खुर्ची आणली. त्याच खुर्चीवर गिऱ्हाइकं बसतात. शकील नको म्हणत होता. पण नवरा हात जोडून उभा, सासू रडते आहे आणि पेशंट तापाने फणफणलेला, अशा वेळी कोण किती वेळ नको म्हणणार?

मला खुर्चीला चादरीने बांधलं. शकील खालच्या बाजूला, ड्रायव्हर आणि विलास वरच्या बाजूला. वळणावर खुर्चीचा पाय दुमडला. मी सगळ्या वजनानिशी शकीलवर गेले. त्याचा हात माझ्या आणि भिंतीच्या मधे सापडला, आणि हाड मोडल्याचा आवाज मी कानाने ऐकला. तो ओरडला नाही. पांढराफटक पडला आणि म्हणाला, "ताई, तुम्हाला लागलं का?"

माझं आजारपण लोकांनी मला नंतर पुष्कळदा विचारलं. पाय किती दुखला, सुया किती टोचल्या. मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ते हे वाक्य.

मी जिन्याच्या वळणावर अडकून पडले होते. खाली रस्त्यावर माणसं जमली. कोपऱ्यावर केळीचा ट्रक भरत होता, तिथल्या हमालांना कुणीतरी बोलावून आणलं. त्यांनी ताडपत्री माझ्याखाली सरकवली, तिच्यावर केळीच्या पानांचे तुकडे तसेच चिकटलेले होते. आठ-दहा जणांनी कडा धरल्या आणि "हां, सोड, हां, सोड" करत मला खाली आणलं. माझा गाऊन कमरेपर्यंत वर गेला होता आणि तो ओढायला माझा हात पोचत नव्हता. रुग्णवाहिकेचं स्ट्रेचर मला पेलणार नाही असं ड्रायव्हर म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. तेव्हा गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "छोटा हत्ती बोलवा." आमच्याकडे छोट्या मालवाहू गाडीला सगळे हेच म्हणतात, त्या माणसाच्या मनातही दुसरं काही नसावं. पण बोलल्यावर त्याला कळलं, बाकीच्यांनाही कळलं, आणि हशा पिकला. दुकानात बसून ऐकलं असतं तर मीही हसले असते.

काहींनी मोबाइल वर धरले होते. ते पाहून विलासने दुकानातली एक ओढणी आणून माझ्या तोंडावर टाकली. त्याला वाटलं, निदान चेहरा तरी दिसू नये. अक्का जिना उतरून आल्या, त्यांनी ती ओढणी एका झटक्यात ओढून काढली आणि पोटच्या मुलाला असं झिडकारलं की गर्दी गप्प झाली. तोंड कुणाचं झाकतात, हे त्या वेळी फक्त त्यांच्याच लक्षात आलं होतं.

मग गादी, तिच्यावर मी, आणि उघडी गाडी. भुसावळ ते जळगाव रस्ता मी शेकडो वेळा केला आहे. त्या दिवशी तो मी आकाशाकडे तोंड करून केला. नशिराबाद आलं ते पाट्यांवरून कळलं. मी डोळे मिटून घेतले.

पाणी

दवाखान्यात दोन खाटा एकत्र बांधून माझी सोय केली. तिथला गाऊन समोरून घातला तर पाठ उघडी आणि पाठीकडून घातला तर पोट उघडं. मी शिवणारी बाई, आणि माझ्या अंगावर नीट कापड नाही. विलासने घरून चादरी आणल्या, त्या मी पांघरून राहायचे. पण कूस बदलायची, पाठ पुसायची, भांडं द्यायचं म्हटलं की चादर बाजूला व्हायची आणि माणसं गोळा व्हायची. सिस्टर दारातून हाक मारायच्या, "उचलायचंय, या जरा." वॉर्डबॉय यायचे, दारावरचा वॉचमन यायचा, एकदा तर शेजारच्या पेशंटचा जावई आला. त्या माणसांचं मन वाईट नव्हतं. हाताला, पायाला, जे हातात येईल त्याला धरून ते ओढायचे आणि माझी कातडी सोलून निघायची. सिस्टर स्वतःच कंबर धरून उभ्या राहायच्या. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं, तर त्या तरी काय करणार?

मी त्यावर माझ्यापुरता उपाय काढला. पाणी पिणं सोडलं. पाणी नाही तर लघवी नाही, लघवी नाही तर भांडं नाही, आणि भांडं नाही तर ती सगळी माणसं नाहीत. अक्का पेला पुढे करायच्या, मी ओठ लावून परत द्यायचे. तब्येत उतरायला लागली तशी डॉक्टरांची धावपळ सुरू झाली. औषध लागू पडत होतं, मग मूत्रपिंड का थकतंय ते त्यांना कळेना. लाजेने माणूस मरू शकतो, असं मी कधी ऐकलं नव्हतं. आता मी ते सांगू शकते, कारण मी त्या वाटेला लागले होते.

त्यातच शकीलची बातमी आली. मनगटाला प्लास्टर, कामावर कधी जाईल ते सांगता येत नाही. विलासने व्हरांड्यात अक्कांवर आवाज चढवला. इतक्या वर्षांत मी त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. "नव्वद काय, नव्वद? डोळे नव्हते का तुला?"  मी आत पडून छताकडे बघत होते. नवरा आईवर ओरडतो आहे, आई गप्प आहे, एका परक्या माणसाचा हात मोडला आहे, आणि या सगळ्याचं कारण माझं शरीर. जमिनीने पोटात घ्यावं म्हणतात तसं झालं, पण तिलाही मला पेलता आलं असतं की नाही, कोण जाणे.

तळहात

पाण्याची चोरी पकडली ती मेघना मॅडमनी. त्या व्यायामाच्या डॉक्टर, मूळच्या धुळ्याच्या, वयाने माझ्या भाचीएवढ्या. जड पेशंटला इजा न करता कसं हलवायचं, याचं शिक्षण त्यांनी घेतलं होतं आणि दवाखान्यात त्यांचं अजून कुणी फारसं ऐकत नव्हतं. माझा भरलेला तांब्या त्यांनी उचलून पाहिला आणि खाटेवर बसल्या. रागावल्या नाहीत. "माणसं कमी लागली तर पाणी प्याल?" असं विचारलं. मला रडू फुटलं.

त्यांनी पिशवीतून एक गुळगुळीत कापड काढलं. हाताला लागताच मी ओळखलं, छत्रीच्या कापडासारखं, दुपदरी. ते माझ्याखाली कूस बदलता बदलता सरकवलं, आणि फक्त चार सिस्टरनी मला खाटेच्या वरच्या टोकाला नेलं. कुणी हात ओढला नाही, कुणी दंड धरला नाही. मला पहिल्यांदा सरकवलं गेलं, ओढलं गेलं नाही. त्या सिस्टरही एकमेकींकडे बघत राहिल्या.

पण मला खुर्चीत बसवायचं तर झोळीचं यंत्र हवं होतं. वॉर्डबॉय त्याला क्रेन म्हणाला तेव्हा मॅडमनी त्याला बाहेर नेऊन काय ते सांगितलं. झोळ्या दोन प्रकारच्या होत्या. लहान इथेच होती, मोठी आणि तिचं यंत्र धुळ्याहून मागवावं लागणार होतं. मॅडमनी लहान झोळी माझ्या हातात दिली. मी सवयीने शिवण पाहिली. टाके दुहेरी होते, पट्ट्या मजबूत होत्या आणि कडेला एक चिठ्ठी शिवलेली होती, किती वजनापर्यंत चालेल त्याची. मॅडमनी विचारलं, "वजन किती असेल, काही अंदाज?"

अक्का पायाशी बसल्या होत्या. इतकं सगळं होऊनसुद्धा त्यांच्या तोंडून निघालं, "नव्वद."

बोलल्या आणि स्वतःच घाबरल्या. मी चिठ्ठीकडे पाहिलं. त्या आकड्यात मी बसले असते, तर लहान झोळी आत्ताच लागली असती, धुळ्याला फोन करायला नको, कुणाला काही कळायला नको. आणि मला ते वळण आठवलं, तो आवाज आठवला.

"नाही अक्का," मी म्हणाले. "मॅडम, दीडशेच्या वर आहे. नक्की किती ते मलाही माहीत नाही. मोठी मागवा."

अक्का उठून बाहेर गेल्या. त्यांच्या मुलीचं वजन मोठ्याने वाचणारी मीच होते, असं मला वाटलं.

मोठं यंत्र दुसऱ्या दिवशी आलं. त्याला वजन दाखवणारी लहानशी पाटी होती, हे मला झोळी वर उचलली गेल्यावर कळलं. मी हवेत होते, पाय लोंबत होते, आणि पाटीवर आकडे उमटत होते. सिस्टर, वॉर्डबॉय, विलास, सगळ्यांच्या माना तिकडे वळायच्या आत मॅडमनी पाटीवर तळहात ठेवला. एकट्यांनीच वाकून आकडा पाहिला आणि मला खुर्चीत उतरवेपर्यंत तळहात काढला नाही. त्या संध्याकाळी मी दोन पेले पाणी प्यायले.

आकडा मी त्यांना घरी जायच्या दिवशी विचारला. त्यांनी कानात सांगितला.

गोणी लाजत नाही

परत येताना नशिराबादला अक्कांनी गाडी थांबवायला लावली. मी गाडीतच बसले, मला उतरायचं धाडस नव्हतं. शकील दारात आला, हात अजून गळ्यात अडकवलेला. अक्का त्याच्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मनं चुकनं, भाऊ." तो म्हणाला, मी आकड्यावर विश्वास ठेवायला नको होता, निघतानाच नीट विचारून जास्त माणसं घ्यायला हवी होती. मग अक्कांनी पदराच्या गाठीतून मीठ काढलं आणि त्याच्या प्लास्टरवरून ओवाळून रस्त्यात टाकलं. त्याने हात मागे घेतला नाही.

मी वॉकरने चालायला लागले, मग काठीने. दुकान सुरू केलं. मोठ्या अंगाच्या पेशंटसाठी मागे नीट मिटणारे गाऊन शिवून मी दवाखान्यात पाठवते. पहिल्या गाऊनसाठी माझ्या अंगाला टेप अक्कांनी लावली आणि आकडा न बोलता कापडावर खडूची खूण केली.

मग मेघना मॅडमचा फोन आला. जळगाव आणि धुळ्याच्या रुग्णवाहिकांवरच्या लोकांना एक दिवसाचं शिक्षण द्यायचं होतं. जिन्यावरून उतरणारी पट्ट्यांची खुर्ची आली होती, रुंद स्ट्रेचर आलं होतं. सरावाला त्या वाळूच्या गोण्या वापरत. "पण गोणी लाजत नाही, घाबरत नाही, तिचं अंग घसरत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही याल?" मी फोन ठेवून दिला. भरल्या हॉलमध्ये, तेही आपण होऊन, पुन्हा ते सगळं? दिवसभर माझ्या हातून एकही शिवण सरळ पडली नाही. संध्याकाळी मीच त्यांना फोन केला, कारण बोलताना त्यांनी सांगितलं होतं की शकीलही शिकायला येणार आहे.

लाज गेली का, असं कुणी विचारलं तर नाही. हॉलच्या दारात मी काठी टेकून उभी राहिले, मग आत गेले. अक्का हट्टाने बरोबर आल्या होत्या, त्या पहिल्या रांगेत बसल्या. मॅडमनी सांगितलं की पेशंटला हात लावायच्या आधी आपलं नाव सांगायचं, काय करणार ते सांगायचं, आणि वजन विचारायचं. पेशंटची चेष्टा करायची म्हणून नाही, माणसं किती लागतील ते ठरवायचं म्हणून. मग त्यांनी पहिलं नाव पुकारलं.

शकील पुढे आला. मनगट किंचित वाकडं राहिलं आहे. माझ्यासमोर उभा राहून त्याने शिकवल्याप्रमाणे सगळं म्हटलं, जसं आम्ही एकमेकांना कधी पाहिलंच नव्हतं.

"नमस्कार ताई, मी शकील. तुम्हाला या जिन्यावरून खाली न्यायचंय. तुमचं वजन किती आहे?"

मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी पदर दातात धरला होता आणि नजर मांडीवर होती.

"एकशे बहात्तर," मी म्हणाले.

आवाज फुटलाच नाही नीट. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं की ऐकू आलं नाही. मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात अक्का उठल्या, हॉलकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "एकशे बहात्तर. बराबर शे."

कुणी हसलं नाही. शकीलने मान हलवली, मागे वळून आणखी चौघांना बोलावलं, आणि कुणी कुठे उभं राहायचं ते सांगायला लागला.